हूल केव्हां द्यावी आणि कोठें थांबावें



पत्त्यांच्या खेळाविषयीं, आणि त्यांतहि पोकरविषयीं, एका निवृत्त शाळामास्तरानें बोलावें हें आपल्यापैकीं पुष्कळांना विचित्र वाटेल. ज्यानें जन्मभर वर्गांत ‘खरें बोलावें’ हा धडा दिला, त्यानेंच आतां थाप केव्हां मारावी हें सांगावयास बसावें काय, असेंहि कोणी विचारील. त्यांना माझें उत्तर एवढेंच कीं, हुतुतूच्या पटांगणावर चढाई करणारा गडी उजवीकडे हूल देतो आणि डावीकडच्या गड्याला टिपतो, तेव्हां त्याला आपण खोटारडा म्हणत नाहीं. ज्या खेळाच्या नियमांतच हूल आहे तेथें ती देणें हा अप्रामाणिकपणा नव्हे. ती किती द्यावी हें न कळणें हा मात्र अडाणीपणा आहे. आणि ‘किती’ हा शब्द आला कीं विषय गणिताचा होतो, तेथें मास्तराला बोलण्याचा थोडा तरी अधिकार पोंचतो.

हा प्रश्न माझ्याकडे आला तो असा. माझा एक जुना विद्यार्थी अमेरिकेंत कॅलिफोर्निया राज्यांत नोकरीला आहे. तेथें पत्त्यांचे परवाना असलेले अड्डे आहेत आणि पोकर राजरोस चालतो. गेल्या दिवाळींत गांवीं आला असतां तो एके सायंकाळीं घरीं येऊन बसला, आणि चहा निवेपर्यंत कांहीं बोलला नाहीं. मग खालीं पाहून म्हणाला, “गुरुजी, दोन वर्षांत मी तिकडे जेवढें हरलों, तेवढ्यांत वडिलांनीं इकडचें घर बांधलें होतें. फ्लॉपनंतर हूल द्यावयाची ती केव्हां आणि किती, एवढेंच मला उमगत नाहीं.”

खेळ सोडून दे, असें सांगणें सोपें होतें. आणि तें मीं सांगितलेंहि. परंतु मुलगा प्रश्न घेऊन आला होता, आणि प्रश्नाला नुसत्या उपदेशानें उत्तर देणारा मास्तर कोणाच्याच उपयोगी पडत नाहीं. मीं घरांतून चिंचोक्यांचा डबा आणि एक कोरी वही आणविली, आणि त्याला म्हटलें, “आधीं मला खेळ शिकव.”

ज्यांना हा खेळ ठाऊक नाहीं त्यांच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. या प्रकाराला ‘टेक्सास होल्डेम’ म्हणतात. अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत तो जन्मला, आणि तेथील विधिमंडळानें २००७ सालीं रॉब्सटाउन या गांवाला त्याचें जन्मस्थान म्हणून मान्यता दिली. प्रत्येक खेळाडूला दोन झांकलेलीं पानें मिळतात, त्यावर बोलीची एक फेरी होते. मग मेजाच्या मध्यभागीं तीन पानें एकदम उघडीं मांडतात, हाच ‘फ्लॉप’. पुन्हां बोली. मग चौथें पान, त्याला ‘टर्न’ म्हणतात, आणि बोली. मग पांचवें पान, त्याला ‘रिव्हर’ म्हणतात, आणि शेवटची बोली. हातांतलीं दोन व मेजावरचीं पांच, अशा सात पानांतून ज्याचीं पांच पानें सरस, त्याची मधली रास. परंतु वाटेंत इतर सर्वांनीं पानें टाकलीं, तर उरलेला एकटा आपलीं पानें न दाखवितां रास उचलतो. या शेवटच्या नियमांतूनच हूल जन्माला येते. हातीं कांहीं नसतां असल्याप्रमाणें बोली लावावयाची, म्हणजे समोरचा पानें टाकील, अशी ती आशा असते.

आतां तिची किंमत पाहूं. राशींत १०० चिंचोके आहेत असें धरा. हातीं कांहीं नसतां आपण ५० लावले. समोरच्यानें पानें टाकलीं तर १०० मिळाले. न टाकलीं आणि आपण तेथेंच डाव सोडला तर ५० गेले. असें तीन वेळां केलें, त्यांत एकदां साधलें आणि दोनदां फसलें, तर १०० आले व १०० गेले; हिशेब चुकता. म्हणजे निम्म्या राशीची हूल तीनांत एकाहून अधिक वेळां साधली तर ती फायद्याची. पुऱ्या राशीएवढी, म्हणजे १०० ची हूल दोनांत एकदां साधावी लागते; दुप्पट राशीची तीनांत दोनदां. उलट ३३ च लावले तर चारांत एकदां साधली तरी पुरें. मोठी हूल अधिक भिववते हें खरें. पण ती अधिक महागहि असते. जें काम ३३ चिंचोक्यांत होतें त्यासाठीं १०० मोजणारा शूर नव्हे, तो उधळ्या होय.

समोरचा किती वेळां पानें टाकील, हा पुढचा प्रश्न. ज्याच्या हातचीं दोन पानें एकमेकांच्या जोडीचीं नाहींत, त्याला फ्लॉपच्या तीन पानांवर निदान एक जोडी जुळण्याचा संभव १०० मध्यें सुमारें ३२ असतो. उरलेल्या ६८ वेळां तो कोराच राहतो. फ्लॉपनंतरच्या हुलीचें सारें बळ या एका आंकड्यांत आहे. समोर एकच गडी असेल तर १०० पैकीं ६८ वेळां त्याच्यापाशीं जोडी नाहीं. समोर दोघे असतील तर दोघेहि कोरे असण्याचा संभव सुमारें ४६. तिघे असतील तर सुमारें ३१. निम्म्या राशीच्या हुलीला १०० मध्यें ३३ यशें लागतात, हें आपण आतांच पाहिलें. म्हणून एकासमोर जी हूल सुज्ञपणाची, तीच तिघांसमोर वेडेपणाची ठरते. शिवाय हे आंकडे अनुकूल धरलेले आहेत. प्रत्येक कोरा गडी पानें टाकीलच असें नाहीं, आणि एखाद्याच्या हातीं मुळांतच जोडी असूं शकते. नियम असा कीं, समोर एक असेल तर विचार करावा, दोन असतील तर फार विचार करावा, आणि तीन असतील तर पानें खालीं ठेवावीं.

मेजावरचीं तीन पानें कोणतीं, हेंहि पाहावें लागतें. राजा, सत्ती आणि दुर्री, तिन्ही निरनिराळ्या रंगांचीं, असा फ्लॉप पडला तर त्याच्याशीं फारशा कोणाचें कांहीं जुळत नाहीं. अशा वेळीं फ्लॉपपूर्वीं ज्यानें बोली चढविली होती, त्याच्याकडे राजा किंवा एक्का असेल ही शंका सर्वांनाच येते; तेथें राशीच्या तिसऱ्या हिश्शाची लहान हूलहि पुरते. उलट दश्शी, नव्वी, अठ्ठी, आणि त्यांतलीं दोन एकाच रंगाचीं, असा फ्लॉप असेल, तर कोणाची जोडी झालेली असते, कोणाची ओळ लागत आलेली असते, कोणी रंगाची वाट पाहत असतो. असे लोक पानें टाकीत नाहींत. तेथें हूल क्वचित् द्यावी, आणि दिलीच तर लहान देऊं नये. त्यांतहि आपली पाळी शेवटची असेल तर समोरच्यानें आधीं दाखविलेली धिटाई वा कचर आपल्याला दिसते. पाळी आधीं असेल तर आपण अंधारांत पाऊल टाकीत असतों.

आतां हूल कोणत्या पानांवर द्यावी? माझ्या विद्यार्थ्याची समजूत अशी होती कीं, थोडें कांहीं हातीं असलें म्हणजे हूल सुरक्षित. ही समजूत उलटी आहे. जॉन फॉन न्यूमन या गणितज्ञानें ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह १९४४ सालीं खेळांच्या गणितावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत पोकरचा एक सोपा नमुना सोडविला आहे. त्याचें उत्तर असें कीं, मोठी बोली लावावी ती उत्तम पानांवर आणि अगदीं हलक्या पानांवर. मधल्या पानांवर लावूं नये. कारण उघड आहे. मधलें पान न बोलतां शेवटपर्यंत पोंचलें तर पुष्कळदां जिंकतें. त्यावरच मोठी बोली लावली तर आपल्याहून हलके पळून जातात आणि सरस तेवढे थांबतात. म्हणजे जिंकूं शकणारें पान आपणच आपल्या हातानें वायां घालवितों.

परंतु फ्लॉपनंतर अजून दोन पानें यावयाचीं असतात. म्हणून त्या वेळचें उत्तम हलकें पान म्हणजे आज कांहीं नाहीं, पण उद्यां होऊं शकेल असें. डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकन लेखकानें याला ‘सेमी-ब्लफ’ असें नांव दिलें; आपण ‘अर्धी हूल’ म्हणूं. आपल्यापाशीं एका रंगाचीं चार पानें झालीं असतील, तर त्या रंगाचीं नऊ पानें अद्याप बाहेर आहेत. न दिसलेल्या ४७ पानांतून पुढचें पान त्या रंगाचें येण्याचा संभव १०० मध्यें १९, आणि दोन पानांत मिळून ३५. ओळीचीं सलग चार पानें असून दोन्हीं टोकें मोकळीं असतील तर आठ पानें उपयोगीं पडतात; दोन पानांत मिळून संभव ३१ ते ३२. अर्धी हूल साधली तर रास मिळते, फसली तरी पानाची आशा राहते. तिला दोन पाय असतात. कोऱ्या हुलीला एकच पाय, आणि तोहि समोरच्याच्या मर्जीवर उभा.

एवढें गणित करून आम्ही तीन सायंकाळ ओसरीवर खेळलों, आणि प्रत्येक डाव मीं वहींत टिपला. मला खेळ नवा. जोडी नसली कीं मी पानें टाकीत असें. राशी साधारण २० चिंचोक्यांच्या होत. वही उघडली तेव्हां दिसलें तें असें: फ्लॉपनंतर त्यानें ३१ वेळां निम्म्या राशीची हूल दिली, १७ वेळां मीं तत्काळ पानें टाकलीं. ३१ त १७ म्हणजे तीनांत एकाहून कितीतरी अधिक. म्हणजे ज्या हुलीवरून तो मला विचारावयास आला होता, ती बरोबरच होती! तिच्यांत त्यानें सुमारें ३४० चिंचोके मिळविले होते.

मग तो हरला कोठें? उरलेल्या १४ डावांत. मीं बरोबरी केली, म्हणजे माझ्याकडे कांहीं आहे हें मीं सांगितलेंच होतें. त्या १४ पैकीं दोनदांच तो थांबला. बारा वेळां त्यानें टर्नवर पुन्हां हूल दिली, आणि गरज पडली तेथें रिव्हरवर तिसऱ्यांदां. तीन वेळां मी भ्यालों. नऊ वेळां शेवटपर्यंत टिकलों. आतां खर्च पाहा. २० च्या राशींत १० लावले, मीं १० घातले, रास ४० झाली. मग २०, रास ८०, मग ४०. म्हणजे १० चिंचोक्यांची म्हणून आरंभिलेली हूल ७० वर गेली, मूळ किंमतीच्या सातपट! नऊ वेळां सत्तर म्हणजे ६३०. दाराशीं मिळविलेलें त्यानें माजघरांत उधळलें होतें.

मीं विचारलें, “मी टिकून आहें हें दिसत असतां तूं पुढें कां गेलास?” तो म्हणाला, “थांबलों तर आधीं लावलेले पाण्यांत जातात ना, गुरुजी?” मीं म्हटलें, “बाळ, ते तूं लावलेस त्याच क्षणीं तुझे राहिले नाहींत. ते राशीचे झाले. आतां प्रश्न पुढच्या वीस चिंचोक्यांचा आहे.” तो बराच वेळ चिंचोके चिवडीत बसला. मला वाटतें, त्या दोन वर्षांतले कितीतरी शनिवार त्याच्या डोळ्यांपुढून गेले असावेत.

येथें गणित आपल्याला अगदीं नेमकी पायरी दाखवितें. समजा, ६४ डावांत आपण फ्लॉपनंतर निम्म्या राशीची बोली लावली आणि दर खेपेस समोरच्यानें बरोबरी केली. रिव्हरवर त्याला ५० देऊन १५० मिळावयाचे असतात. म्हणून आपल्या शेवटच्या चार बोलींत एक हूल आणि तीन खरीं पानें असलीं, म्हणजे बरोबरी करावी कीं पानें टाकावीं, यांत त्याला कांहींच फायदा उरत नाहीं. हाच हिशेब मागें मागें नेला तर येतें तें असें: फ्लॉपवर ६४ बोली, त्यांत २७ खऱ्या आणि ३७ हुली, टर्नवर ४८ बोली, २७ खऱ्या आणि २१ हुली, रिव्हरवर ३६ बोली, २७ खऱ्या आणि ९ हुली. खरीं पानें शेवटीं खरींच ठरतात असें येथें धरलें आहे, म्हणून हा आराखडा आदर्श आहे. पण दिशा त्यांतून स्पष्ट दिसते. फ्लॉपवर हुली खऱ्या बोलींहून अधिक असूं शकतात, यांत उधळपट्टी नाहीं. मात्र त्या ३७ पैकीं १६ टर्नवर सोडाव्या लागतात आणि आणखी १२ रिव्हरवर. सदतीस निघाल्या, नऊ पोंचल्या. आपला विद्यार्थी सदतीसच्या सदतीस पोंचवावयास निघाला होता.

सोडाव्या कोणत्या आणि चालवाव्या कोणत्या? नव्या पानानें ज्यांची आशा वाढविली त्या चालवाव्या. ज्यांची मावळली त्या सोडाव्या. याचें एक नामांकित उदाहरण सांगतों. २००३ सालीं लास व्हेगास येथें ‘वर्ल्ड सीरीज ऑफ पोकर’च्या मुख्य सामन्यांत ८३९ खेळाडू होते. शेवटीं दोघे उरले: टेनेसीचा एक हिशेबनीस ख्रिस मनीमेकर, आणि मुरब्बी खेळाडू सॅमी फरहा. एका डावांत फरहाकडे इस्पिकची राणी व बदामाची नव्वी होती. मनीमेकरकडे इस्पिकचा राजा व बदामाची सत्ती. फ्लॉपवर इस्पिकची नव्वी, चौकटची दुर्री आणि इस्पिकची छक्की पडली. फरहाची जोडी झाली. त्या वेळीं दोघांनींहि बोली लावली नाहीं. टर्नला इस्पिकची अठ्ठी आली, आणि मनीमेकरला एकाच वेळीं इस्पिकचा रंग व सहा-सात-आठ-नऊची ओळ, दोन्हीं जवळ आलीं. न दिसलेल्या ४६ पानांपैकीं १५ त्याच्या उपयोगाचीं होतीं. फरहानें बोली लावतांच त्यानें ती चढविली. ही अर्धी हूल. रिव्हरवर बदामाची तिर्री आली, आशा संपली. तेव्हां त्यानें आपल्यापुढचें सर्वस्व लोटलें, आणि फरहानें विचार करून जिंकणारीं पानें टाकलीं. पुढें मनीमेकरनें तो सामना जिंकला.

लोक या शेवटच्या धाडसाचीच आठवण काढतात. मला त्याच्या मागची पायरी अधिक शिकविणारी वाटते. फ्लॉपवर तो गप्प होता. पानानें साथ दिल्यावर बोलला. आणि शेवटीं मेजावर इस्पिकचीं तीन पानें असतां त्याची गोष्ट खऱ्या रंगवाल्याच्या गोष्टीसारखीच दिसत होती. हूल म्हणजे एक कथा असते, आणि तिचा तिसरा अध्याय पहिल्या दोहोंशीं जुळावा लागतो. मात्र एका डावाचें यश हा नियम नव्हे; हें फसलें असतें तर आज त्याचा दाखला कोणी दिला नसता.

हूल ही चेहऱ्याची कला आहे, निर्विकार मुद्रा ठेवली कीं साधली, असाहि एक समज आहे. २०१७ च्या जानेवारींत पिट्सबर्ग येथें ‘लिब्रेटस’ नांवाच्या संगणकी कार्यक्रमानें चार निष्णात व्यावसायिकांना दोघांच्या खेळांत १,२०,००० डावांअंतीं हरविलें. कार्नेगी मेलन विद्यापीठांत तो तयार झाला होता. त्याला चेहरा नव्हता, छाती धडधडत नव्हती, आणि लावलेल्याचा लोभहि नव्हता; तरी तो हुली देत होता आणि त्या साधत होत्या. त्याच्यापाशीं होतें तें फक्त प्रमाण. माणसाला प्रमाण शिकतां येतें. कठीण जातें तें लावलेल्याचा मोह सोडणें.

शेवटीं एक हिशेब राहिला, तो मीं माझ्या विद्यार्थ्यालाहि सांगितला. अड्ड्यावर खेळतांना मालक खेळाडूंकडून आपला वाटा घेतो. दोघे खेळाडू अगदीं समान असले तरी वर्षाअखेर दोघेहि थोडे थोडे हरलेले असतात, आणि जिंकलेला असतो तो मालक. आपल्याकडे तर पैसे लावून खेळण्याच्या ऑनलाइन खेळांना बंदी करणारा कायदा संसदेनें २०२५ सालीं केला आहे. म्हणून माझें आजचें सारें गणित चिंचोक्यांसाठीं आहे, असें श्रोत्यांनीं समजावें.

जातांना त्यानें डब्यांतले मूठभर चिंचोके मागून नेले. त्याचें अड्ड्यावर जाणें सुटलें काय, हें मीं विचारलें नव्हतें. परवां त्याचा फोन आला. आवाजांत जुना उत्साह होता. म्हणाला, “गुरुजी, काल टर्नवर थांबलों. लावलेलें सोडून दिलें.”

मीं म्हटलें, “शाबास. आतां एकदां अड्ड्याच्या दारापाशींहि थांबून पाहा.”